विक्रम संवत २०८० : काठमांडूतल्या सुट्ट्यांचं वर्ष

विक्रम संवत २०८० साली (२०२३-२४) काठमांडूत रविवार कामाचा होता. आठवड्याची सुट्टी शनिवारी, आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या दुपारी तीनलाच उठायच्या. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने शनिवार-रविवार अशी जोडसुट्टी करून पाहिली होती, पण महिन्याभरातच ती मागे घेतली. विट्याहून आईचा फोन रविवारी हमखास भर कामात यायचा. रविवारची सवय मात्र लवकर लागली. खरा अभ्यास करावा लागला तो वर्षाच्या सुट्ट्यांचा, कारण ते काम ऑफिसात माझ्याकडेच आलं.

आमचं घर गलाईच्या धंद्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर गेली, तशी काही घरं सीमा ओलांडून इकडेही आली. ह्यांचं दुकान न्यू रोडच्या मागच्या गल्लीत आहे. राहायला आम्ही असन बाजाराजवळ, नेवार म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांच्या एका जुन्या घरात, आणि मी पुतलीसडकला एका छोट्या खाजगी कंपनीत हिशेब आणि कर्मचाऱ्यांच्या हजेरी-रजा बघते. २०७९ चा चैत्र संपत आला तेव्हा मालक म्हणाले, "बहिनी, नव्या सालाची बिदाची (सुट्ट्यांची) यादी या वेळी तुम्हीच करा."

इथे सगळा कारभार विक्रम संवतावर चालतो. पगार, घरभाडं, विजेचं बिल, शाळेची फी, सगळं नेपाळी महिन्याने. हे महिने आपल्यासारखे चांद्र नाहीत, सौर आहेत. सूर्याने रास बदलली की महिना बदलतो, त्यामुळे एखादा महिना ३२ दिवसांचा तर एखादा २९ दिवसांचा. वर्ष बैशाख १ ला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला उघडतं आणि आर्थिक वर्ष मात्र साउन १ ला, जुलैच्या मध्यावर. सण पुन्हा तिथीवर. म्हणजे राष्ट्रीय दिवस सौर तारखेवर, सण चांद्र तिथीवर, आणि कामगार दिन, महिला दिन, नाताळ इंग्रजी तारखेवर. भिंतीवरच्या पात्रोत, म्हणजे दिनदर्शिकेत, आणि मोबाइलवरच्या 'हाम्रो पात्रो'त हे तिन्ही एकाच चौकटीत दिसतात. पहिले काही महिने मी दर वेळी ती चौकट बोटाने वाचायचे.

सरकारी यादी नेपाल राजपत्रात येते आणि ती लांबलचक असते. पण तिच्यातल्या सगळ्या सुट्ट्या सगळ्यांना नसतात, आणि मला तिथेच रस वाटू लागला. काही देशभर. काही फक्त काठमांडू उपत्यकेत, म्हणजे खोऱ्यातल्या तीन जिल्ह्यांत: गाईजात्रा, इंद्रजात्रा, घोडेजात्रा. तीजेची सुट्टी फक्त बायकांना. होळी पहाडात एक दिवस, तराईत दुसऱ्या दिवशी. वसंत पंचमी फक्त शाळा-कॉलेजांना. खाजगी कंपनीला मात्र श्रम ऐन २०७४, म्हणजे कामगार कायदा, लागू. त्यात वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या, आणि महिलांना महिला दिन धरून १४.

तेराचा आकडा हातात घेऊन बसलं की देश समोर उभा राहतो. दसैं (आपला दसरा) आणि तिहार (आपली दिवाळी) यांतच निम्म्याहून जास्त दिवस जातात. उरलेल्यांत नववर्ष, कामगार दिन, गणतंत्र दिवस, संविधान दिवस, शिवरात्री आणि फागुन ७ हे आमच्या कंपनीत ठरलेले. मग जनकपूरहून आलेल्या आमच्या मैथिल इंजिनिअरची छठ कुठे बसवायची? तामाङ ड्रायव्हर दाइंचा नववर्षाचा सोनाम ल्होसार? बर्दियातल्या थारू मुलीची माघी? तिच्या समाजाचं तर नवं वर्षच त्या दिवशी सुरू होतं. मी मालकांना म्हटलं, तेरा तशाच ठेवू, पण दोन दिवस वर द्या, ज्याने त्याने आपल्या सणासाठी आधी लिहून द्यावेत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग हो म्हणाले. मी माझे दोन दिवस लिहिले: अनंत चतुर्दशी आणि गुढीपाडवा.

२०८० चा पहिला दिवस १४ एप्रिल २०२३, शुक्रवार. आम्ही भक्तपूरला बिस्का जात्रेला गेलो. तिथे उंच लिंगो, म्हणजे लाकडी खांब, आदल्या दिवशी उभारतात आणि बैशाख १ ला दोरांनी ओढून पाडतात, तो पडला की नवं वर्ष लागतं. गर्दीत आम्हाला फक्त दोर आणि लोकांच्या पाठी दिसल्या, पण लिंगो आडवा झाला तेव्हाचा आवाज अजून लक्षात आहे.

दहाच दिवसांनी बैशाख ११, लोकतंत्र दिवस. २००६ साली जनआंदोलनापुढे नमून राजा ज्ञानेंद्र यांनी संसद पुन्हा बहाल केली, तो दिवस. आणि त्याला लागूनच बैशाख १२, २०१५ च्या महाभूकंपाचा दिवस. धरहरा मनोरा त्याच दिवशी कोसळला. एक दिवस उत्सवाचा आणि दुसरा मेलेल्यांच्या आठवणीचा, असे ते पात्रोत शेजारी शेजारी येतात. घरमालकीण दिदी त्या दुपारी बराच वेळ चोकातल्या ओट्यावर बसून होत्या. घराच्या एका भिंतीला तेव्हा लावलेले लाकडी टेकू अजून तसेच आहेत.

नेपाळने गेल्या पाऊणशे वर्षांतली आपली वळणं एकेक करून सुट्टीच्या यादीत लिहून ठेवली आहेत. फागुन ७ म्हणजे १९५१, पिढीजात पंतप्रधान असलेल्या राणांची सत्ता संपली. बैशाख ११ म्हणजे २००६. जेठ १५ म्हणजे २००८, राजेशाही जाऊन गणतंत्र आलं. असोज ३ म्हणजे २०१५, नवी राज्यघटना. शाळेतली मुलं हे चारही दिवस पाठ करतात. पण ऑफिसातल्या वयस्क लेखापाल दाइंनी यातले शेवटचे तीन रस्त्यावर उभं राहून पाहिलेत. ते सांगायला लागले की मी हातातलं काम ठेवून ऐकते. एकाच माणसाच्या आयुष्यात राजाची प्रजा आणि गणतंत्राचा नागरिक, दोन्ही.

जेठ १५ ची मजा हिशेबाच्या माणसालाच कळेल. त्या दिवशी गणतंत्र दिवसाची सुट्टी असते, आणि त्याच दिवशी संसदेत अर्थसंकल्प मांडायचा असं राज्यघटनेतच लिहिलं आहे. त्यामुळे सकाळी टुंडीखेल मैदानावर संचलन आणि नंतर टीव्हीसमोर वही-पेन्सिल. २०८० साली तो दिवस २९ मे ला आला, म्हणजे तेनसिंग आणि हिलरी सगरमाथ्यावर (एव्हरेस्टवर) पोचले त्याला बरोबर ७० वर्षं झाली त्या दिवशी. शेरपा गिर्यारोहकांचे सत्कार, मंत्र्यांची भाषणं आणि आयकराचे नवे दर, सगळं एकाच दिवशी ऐकलं.

याच सुमाराला पाटणला रातो मच्छिंद्रनाथाचा रथ निघालेला असतो. पुल्चोकहून निघून गाबहाल, सुनधारा, लगनखेल करत जावलाखेलला पोचायचा. वेताच्या दोरांनी बांधलेला तो उंच रथ झुलत झुलत चालतो, आणि मोठी माणसं श्वास रोखून बघतात. शेवटी जावलाखेलला रथावरून रत्नजडित भोटो, म्हणजे बंडीसारखं छोटं वस्त्र, चारी बाजूंना दाखवतात. कर्कोटक नागाने एका ज्यापू शेतकऱ्याला तो दिला, पुढे तो चोरीला गेला, आणि खऱ्या मालकाने पुरावा देऊन घेऊन जावा म्हणून दर वर्षी लोकांसमोर धरायचा, अशी कथा आहे. या भोटोजात्रेची खोऱ्यात सुट्टी असते, पण तिची तारीख ज्योतिषी मुहूर्त काढतील तेव्हा कळते. माझ्या यादीत तेवढी एक ओळ बराच काळ रिकामी होती.

असार १५ ला राष्ट्रपतींपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी भातलावणी आणि दही-चिउरा. पण असार माझ्यासाठी वर्षअखेरीचा महिना, त्या दिवशीही मी पावत्या जुळवत होते. टेबलावर कोणीतरी वाटीभर दही-पोहे आणून ठेवले, तेवढंच.

मग आला श्रावण, आणि तो त्या वर्षी मला दोनदा मिळाला. नेपाळचा साउन १७ जुलैला लागून १७ ऑगस्टला संपला. हिरव्या बांगड्या, मेंदी, सोमवारी पशुपतिनाथाला रांगा, सगळं त्या महिन्यात. आपल्याकडे तेव्हा अधिक श्रावण चालू होता, आईचे फोन जावयाच्या वाणाचे. आपला निज श्रावण नेमका १७ ऑगस्टपासून. म्हणजे इथल्या बायकांनी हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि माझे श्रावणी सोमवार सुरू झाले. पहिल्याच सोमवारी, २१ ऑगस्टला, नागपंचमी. ती मात्र दोन्हीकडे एकच. सकाळी दिदींनी दाराच्या चौकटीवर शेणाचे ठिपके लावून नागाचं छापील चित्र चिकटवलं, वर दूर्वा खोचल्या. आमच्या दारालाही एक लावून दिलं. मी आतल्या भिंतीवर गंधाने नाग काढला होता, तो त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "हा कुणाला दिसणार? दारावर पाहिजे."

जनैपूर्णिमेला, म्हणजे आपल्या राखीपौर्णिमेला, नऊ कडधान्यं मोड आणून क्वाँटी शिजते. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, गाईजात्रा. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला त्या घरातून गाय, किंवा गायीचा वेष केलेलं मूल, गावभर फिरवायचं. गाय मेलेल्याला वैतरणी पार करून देते अशी श्रद्धा. दिदींच्या सासूबाई आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा सहा वर्षांचा नातू गाय झाला. कपाळावर गायीच्या तोंडाचं रंगवलेलं कागदी चित्र बांधलं, काजळाने मिशा काढल्या, कमरेला पिवळा पटका. आजीचा फोटो घेऊन मामा मागून चालले. असनच्या रस्त्यावर ओळीने लोक उभे होते, प्रत्येक मुलाच्या पिशवीत केळं, मिठाई, दुधाचा पेला, नोट टाकत होते. पोराला पिशवी जड झाली तेव्हा तो रडायला लागला आणि मामाने खांद्यावर घेतलं. समोरून दुसरी गाय आली, तिसरी आली, मग लक्षात येईना किती. घराघरातलं दुःख त्या दिवशी एकाच रस्त्यावर चालतं. शोकासाठी सरकार सगळ्या खोऱ्याला सुट्टी देतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

आपल्याकडेही वर्षभर त्या घरात सण करत नाहीत. दिदींकडेही त्या वर्षी दसैंचा टीका, म्हणजे थोरल्यांनी कपाळी लावायचा टिळा, नव्हता.

सप्टेंबरचा तो आठवडा मी विसरणार नाही. १८ तारखेला तीज, म्हणजे आपली हरितालिका. आदल्या रात्री बायका एकत्र जमून 'दर' खातात: खीर, मटण, तुपातले पदार्थ, पोट तुडुंब भरेपर्यंत, कारण दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आमच्या ऑफिसातल्या बायकांनी मला दरला बोलावलं. मी हरितालिका लहानपणापासून करते, पण ती कशी? शांत. वाळूची पिंड, सखी-पार्वती, पत्री, कहाणी, रात्रीचं जागरण. इथे सकाळपासून लाल साड्या नेसलेल्या हजारो बायका पशुपतिनाथाच्या वाटेवर, हातात माइक, पायात ताल. रस्त्यावर नाचणाऱ्या सासवा-सुना पाहून मीही वाळूची पिंड घरी पुजून आल्यावर त्यांच्यात मिसळले. सुट्टी फक्त बायकांना. त्या दिवशी ऑफिसात चहा पुरुषांनी केला.

१९ ला गणपती बसला. त्याची इथे सुट्टी नाही, सकाळी प्राणप्रतिष्ठा करून मी दहाला ऑफिसात हजर. चतुर्थीच्या संध्याकाळी नेवार घरांतही चंद्राकडे बघत नाहीत, आपल्यासारखंच. पण आमचा मैथिल इंजिनिअर त्याच वेळी खोलीच्या गच्चीत दही आणि पक्वान्नं मांडून चंद्राची पूजा करत होता. त्यांची चौरचन. एकाच चंद्राकडे एका वाड्यातल्या लोकांनी पाठ फिरवली होती आणि पलीकडच्या गच्चीवर त्याला हात जोडले जात होते.

आणि २० ला असोज ३, संविधान दिवस. टुंडीखेलवर सोहळा, शहरभर रोषणाई. मधेसात, म्हणजे तराईच्या सपाट पट्ट्यात, २०१५ साली या घटनेविरुद्ध मोठं आंदोलन झालं होतं, माणसं मारली गेली होती. तिथल्या अनेकांना हा दिवस साजरा करावासा वाटत नाही. इंजिनिअर त्या दिवशी नुसता झोपून राहिला म्हणाला. त्या आंदोलनापाठोपाठ सीमेवर माल अडला, तो २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत. भारताने नाकाबंदी आपण केली नाही असं म्हटलं, काठमांडूत मात्र सगळे तिला भारताची नाकाबंदीच म्हणतात. भूकंपाला पाच महिनेही झाले नव्हते आणि गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत. दिदींनी गच्चीत विटा मांडून लाकडांवर स्वयंपाक केला, तो कोपरा अजून काळा आहे. मला त्यांनी हे कधीच दुखावून सांगितलं नाही. पण भारतातून येऊन इथे राहायचं तर तो कोपरा पाहिलेला बरा.

२८ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी, माझी लिहून दिलेली पहिली सुट्टी. पण त्याच तिथीला इंद्रजात्रेचा मुख्य दिवस, त्यामुळे खोरंच बंद होतं. इंद्रजात्रा आमच्या दारातलीच. नालाच्या जंगलातून आणलेला लिंगो जुन्या राजवाड्यापाशी, हनुमानढोकाला, उभा असतो. एरवी जाळीच्या दाराआड झाकलेला सेतो भैरवाचा मोठा मुखवटा या दिवसांत उघडतात, आणि संध्याकाळी त्याच्या तोंडातल्या नळीतून तांदळाच्या दारूची धार सुटते. खाली तरुणांची झुंबड, डोकी वर, तोंडं उघडी. राक्षसाचे मुखवटे घातलेले लाखे नाचतात, पुलुकिसी हत्तीचं सोंग गर्दीत घुसून पोरांना पळवतं. सकाळी आम्ही गच्चीत बादलीत शाडूच्या गणपतीचं विसर्जन केलं, दुकानातली आटपाडीची पोरं 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडली, शेजारच्या खिडक्यांतून लोक हसून बघत होते. दुपारी कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानतात त्या लहान मुलीचा, रथ निघाला. तिच्या रथाबरोबर आणखी दोन रथ असतात, गणेशाचा आणि भैरवाचा, आणि त्यांत मूर्ती नसून दोन लहान मुलगे बसलेले असतात. सकाळीच गणपती बोळवून आलेली मी, आणि समोरून दागिन्यांनी मढलेला जिवंत गणेश, कंटाळून जांभई देत. माझे हात आपोआप जुळले.

राजवाड्यातल्या गद्दी बैठकीच्या सज्जात राष्ट्रपती उभे होते. पूर्वी तिथे राजा असायचा. पृथ्वीनारायण शाहने १७६८ साली काठमांडू जिंकलं तेही याच जात्रेच्या दिवशी. मल्ल गेले, शाह आले, शाह गेले, गणतंत्र आलं, कुमारीचा रथ मात्र निघतोच, आणि देशाचा जो प्रमुख असेल तो तिच्यासाठी येतो. लेखापाल दाइ म्हणाले की गणतंत्र आलं तेव्हा हे कसं होणार याची त्यांना धास्ती होती.

दसैंचं मी थोडक्यात सांगू शकत नाही. घटस्थापनेपासून रेडिओवर मालश्रीची धून सुरू होते, आणि ती ऐकली की ऑफिसात कुणाचं लक्ष कामात राहत नाही. सरकारी नोकरांना एक महिन्याचा पगार दसैं खर्च म्हणून मिळतो, दुकानांत गर्दी, न्यू रोडला ह्यांना जेवायला फुरसत नाही. कलंकी आणि गोंगबूच्या बसथांब्यांवर अर्धं शहर रांगेत. सप्तमीला फुलपाती, म्हणजे पूजेची फुलं-पानं, गोरखा गावाहून येते आणि हनुमानढोकाला पोचते. नवमीला तलेजूचं देऊळ वर्षातून एकदाच सर्वांसाठी उघडतं. आकाशात पतंग, गावोगाव बांबूचे उंच झोपाळे.

२४ ऑक्टोबरला टीका. लेखापाल दाइ त्या वर्षी गावी गेले नव्हते, त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्यांच्या आमा, म्हणजे आई, ऐंशीच्या पुढच्या. ताटात तांदूळ, दही आणि लाल अबीर कालवलेलं. बाजूला जमऱ्याची जुडी, अंधारात वाढवल्याने पिवळी पडलेली जवाची रोपं. आपल्याकडेही घटाखाली धान्य पेरतात आणि दसऱ्याला ते तुरे टोपीत, केसांत खोवतात, त्यामुळे ते पाहून मला विट्याचं देवघर आठवलं. आमांनी कपाळभर टीका लावला, थंडगार दही नाकावर ओघळलं. जमरा कानामागे खोचला आणि पुटपुटायला सुरुवात केली, 'जयन्ती मङ्गला काली भद्रकाली कपालिनी.' हा श्लोक मी देवीपुढे म्हणत मोठी झालेली. पुरुषांसाठी मंत्र वेगळा, ह्यांना तो मिळाला. दक्षिणेची नोट हातात ठेवून आमा म्हणाल्या, भाग्यमानी होऊ. टीका कोजाग्रतपर्यंत, म्हणजे आपल्या कोजागिरीपर्यंत चालतो. दूरच्या गावातल्या सर्वांत थोरल्या माणसाकडेही जाऊन येता यावं म्हणून एवढे दिवस असावेत, असं मला वाटतं. आमच्या हजेरीपुस्तकात त्या आठवड्यात उशिरा परतलेल्यांना मी लाल शाई लावली नाही.

कोजागिरी होऊन आठवडा झाला नव्हता. कार्तिक १७, ३ नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र, बारा वाजायला थोडा वेळ. पलंग हलला. जिन्यातून धावत चोकात आलो तेव्हा सगळा वाडा आधीच खाली होता, पोरं चादरी गुंडाळून. दिदी मोठ्याने एकेकाचं नाव घेऊन मोजत होत्या, त्यात आमचीही नावं होती. सकाळी कळलं की पश्चिमेला जाजरकोट आणि रुकुम पश्चिममध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली. दसैंला गावी गेलेली, तिहारसाठी थांबलेली कुटुंबंही त्या भागात असणार, हा विचार डोक्यातून जाईना. ऑफिसातून आम्ही ब्लँकेटं आणि रोख रक्कम पाठवली. लोकांनी तो हिवाळा ताडपत्रीखाली काढला.

तरी तिहार आला. कावळ्याचा दिवस, कुत्र्याचा दिवस, लक्ष्मीपूजा. नेपाळ संवताचं ११४४ वं वर्ष १४ नोव्हेंबरला लागलं, त्या दिवशी नेवार लोक म्हपूजा करतात, स्वतःच्या देहाची पूजा. १५ ला भाईटीका, आपली भाऊबीज. टीक्याची वेळ रेडिओवरून सांगतात. मी दुकानातल्या पोरांना ओवाळलं, आपलं निरांजन-सुपारीचं औक्षण, आणि वरून असनच्या बाजारातली न सुकणारी मखमली फुलांची माळ घातली. दाराशी अक्रोड फोडायचा असतो, तोही फोडला. राणीपोखरीतलं देऊळ वर्षात याच दिवशी उघडतं, आणि तिथे बहीण किंवा भाऊ नसलेली माणसं टीका लावून घ्यायला जातात. असं देऊळ ठेवणारं शहर मला मनापासून आवडलं.

छठेला इंजिनिअर जनकपूरला गेला तो त्याच्या लिहून दिलेल्या दिवसावर. माघ १ ला, १५ जानेवारीला, तीळ, चाकू (गुळासारखी घट्ट मिठाई), तूप आणि तरुळ (कंद). आमच्याकडून तिळगूळ. माघ १६ हुतात्मा दिवस. १९४१ साली राणांनी मारलेले शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद आणि गंगालाल श्रेष्ठ. तो त्या वर्षी ३० जानेवारीलाच आला, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीला. फागुन ७ ला तर १९ फेब्रुवारी. इथे १९५१ सालच्या लोकशाहीचं संचलन, आणि सुट्टीचा दिवस म्हणून गलाईवाल्यांची सगळी घरं एकत्र जमून शिवजयंती. दुकानदार शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं. मालकांनाही. त्यांनी शिवरायांच्या फोटोला अबीर वाहिला.

८ मार्चला महाशिवरात्री आणि महिला दिन एकाच दिवशी. शिवरात्री हा नेपाळी सेनेचाही दिवस, टुंडीखेलवर तोफा, पशुपतीला साधू आणि रात्रभर पेटलेल्या धुन्या. कायद्याने बायकांची जी चौदावी सुट्टी, ती अशी सणाखाली गेली. मी मालकांकडे ती वेगळी मागितली, आणि आम्हाला ती दुसऱ्या दिवशी मिळाली नसली तरी त्याच महिन्यात मिळाली.

इथल्या चैत्र अमावास्येला (आपल्याकडे ती फाल्गुनातली), ८ एप्रिलला, घोडेजात्रा. घोड्यांच्या टापांनी टुंडी नावाचा राक्षस जमिनीखाली दाबला जातो म्हणतात. तो दिवस खोऱ्याच्या सुट्टीचा, आणि पुढचा गुढीपाडवा माझ्या सुट्टीचा, म्हणून जोडून दोन दिवस मिळाले. दिदींचं वर्ष सरलं होतं, त्यांनी गुढीसाठी गच्चीतला बांबू काढून दिला.

काठमांडूला कामासाठी येणाऱ्यांना मी आता आधीच सांगते. फुलपातीपासून टीक्यानंतरचे दोन-तीन दिवस कचेऱ्या बंद, आणि कोजाग्रतपर्यंत माणसं गावाहून परततच असतात, तेव्हा कागदपत्रांचं काम त्याआधी उरका. असारच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत जाऊ नका. इंद्रजात्रेला असन, इंद्रचोक, हनुमानढोका गाडीने ओलांडायचा प्रयत्न करू नका, चालत या आणि वेळ काढून या. होळीला काठमांडूत रंग खेळून दुसऱ्या दिवशी जनकपूरला पोचलात तर पुन्हा खेळायला मिळतो. आणि भोटोजात्रेची तारीख जावलाखेलच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो पात्रोच्या आधी सांगेल.